पट्टीची नियमभाषा, कॉकमधली हिरवी सिद्धता आणि एका पैशाचा फरक

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

हा धागा काढण्याचे कारण एक पैसा आहे, म्हणून आधी तो कुठे अडला ते सांगतो.

आम्ही चौघेजण कोल्हापुरातल्या गुळाच्या अडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्याचा गूळ मार्केट यार्डात आला आणि सौदा झाला की दुकानातून त्याला पट्टी मिळते. तिच्यावर रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन आणि दर असतो, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा होते आणि तळाला हाती पडणारी रक्कम येते. वजावटीची रीत दुकानागणिक बदलते, त्यामुळे ती प्रोग्राममध्ये पक्की न बसवता आम्ही एक लहानशी नियमभाषा केली. तिच्यात पैशांत मोजलेले पूर्णांक, खरे-खोटे, चल, चार क्रिया, ‘जर-तर-नाहीतर’ आणि ‘जोपर्यंत’ एवढेच आहे. सर्व्हरवर ती पायथनमध्ये लिहिलेल्या इंटरप्रिटरने (नियम वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालते आणि मोबाइलवर जावात लिहिलेल्या दुसऱ्या इंटरप्रिटरने, कारण नेट गेले तरी पट्टी निघालीच पाहिजे.

मागच्या हंगामात एका सामाईक खात्यावर उचल जास्त आणि माल कमी असा प्रकार झाला आणि बाकी उणे ७०१ पैसे राहिली. खाते दोन भावांचे असल्याने निम्मे-निम्मे करायचे होते. सर्व्हरच्या पट्टीवर प्रत्येकी उणे ३५१ आले, मोबाइलच्या पट्टीवर उणे ३५०. कारण शोधायला वेळ लागला नाही: पायथनचा पूर्णांकी भागाकार खालच्या अंकाकडे झुकतो, जावाचा शून्याकडे. दोन्ही भाषा आपापल्या नियमाने बरोबर वागल्या होत्या. आमच्या भाषेला मात्र त्या दोन प्रोग्रामांपलीकडे व्याख्याच नव्हती, त्यामुळे चूक नेमकी कोणाची हे ठरवायला आधार उरला नाही.

म्हणून नियमभाषेचे सिमँटिक्स, म्हणजे तिच्या प्रत्येक रचनेचा नेमका अर्थ, प्रूफ असिस्टंटमध्ये, म्हणजे गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिहायचे ठरवले. मी कॉक निवडले. २०२५ च्या ९.० आवृत्तीपासून त्याचे नाव रॉक झाले आहे, पण माझ्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. वाक्यरचना इंडक्टिव्ह टाइप (रचनेच्या सर्व प्रकारांची यादी) म्हणून लिहिली, टाइपचे (पदावली पूर्णांक आहे की खरे-खोटे, याचे) नियम लिहिले आणि ‘या पदावलीचे हे मूल्य निघते’ असा बिग-स्टेप (थेट शेवटचे उत्तर सांगणारा) संबंध लिहिला. मग प्रमेय मांडले की पदावलीला एखादा टाइप असेल आणि तिचे मूल्य निघत असेल, तर मूल्याचा टाइप तोच असतो. दोन रात्रींत सिद्धता पूर्ण झाली, शेवटची ओळ हिरवी झाली, म्हणजे यंत्राने ती मान्य केली, आणि मी समाधानाने झोपलो.

सकाळी फाइल उघडली तेव्हा दिसले की ‘जर’साठी मी एकच अर्थनियम लिहिला होता, अट खरी असतानाचा. अट खोटी असेल तेव्हाचा नियम लिहायचाच राहिला होता. म्हणजे माझ्या व्याख्येनुसार ‘नाहीतर’ची फांदी कधी चालतच नव्हती, आणि तरीही भाषा सुरक्षित असल्याची सिद्धता यंत्राने मान्य केली होती.

मी नेमके काय सिद्ध केले, आणि यंत्राने मला अडवले का नाही?

पंचगंगाकाठी

तुम्ही जे सिद्ध केले ते खोटे नाही, पण तुम्हाला हवे होते ते हे नव्हे.

प्रमेय पुन्हा वाचा. ‘टाइप आहे आणि मूल्य निघते, तर’ अशी त्याची सुरुवात आहे. ज्या पदावलीचे मूल्य निघतच नाही, तिच्याबद्दल हे प्रमेय मौन पाळते. एखादा अर्थनियम गाळला की मूल्य निघणाऱ्या पदावल्या कमी होतात, म्हणजे प्रमेयाला जबाब द्यावा लागणारी प्रकरणेही कमी होतात आणि सिद्धता उलट सोपी होते. सगळे अर्थनियम पुसून पाहा, मूल्य निघाल्याचे गृहीतकच अशक्य ठरेल आणि सिद्धता एका ओळीत संपेल. यंत्राने तुम्हाला अडवले नाही, कारण विधानापासून सिद्धतेपर्यंतचा रस्ता तपासणे एवढेच त्याचे काम आहे. विधान तुमच्या मनातले आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

बिग-स्टेप पद्धतीत आणखी एक अडचण आहे. ‘जोपर्यंत’मध्ये कायमचा फिरत राहिलेला प्रोग्राम आणि ‘खरे अधिक पाच’ करायला जाऊन अडकलेला प्रोग्राम तिला सारखेच दिसतात, कारण मूल्य दोघांचेही निघत नाही. तुम्हाला त्यांतला पहिला चालेल, दुसरा चालणार नाही. हा भेद दिसायला हवा असेल तर एकेक पाऊल मोजणारी स्मॉल-स्टेप मांडणी घ्या. तिची शिस्त प्लॉटकिन यांनी १९८१ मध्ये आऱ्हूस विद्यापीठातल्या टिपणांत घालून दिली, आणि टाइपची सुरक्षितता दोन भागांत सिद्ध करण्याची आज रूढ असलेली रीत राइट आणि फेलायझेन यांनी १९९४ मध्ये मांडली. पहिला भाग प्रोग्रेस: ज्याला टाइप आहे ते एक तर मूल्य असते, नाहीतर त्याला पुढचे पाऊल असतेच. दुसरा भाग प्रिझर्व्हेशन: पाऊल टाकल्यावर टाइप बदलत नाही. तुम्ही गाळलेला नियम प्रोग्रेसच्या सिद्धतेत नक्की सापडेल, करून पाहा.

शिवाय एक सवय लावून घ्या. सिद्धता हिरवी झाली की व्याख्येतला एकेक नियम मुद्दाम काढून फाइल पुन्हा चालवायची. नियम काढल्यावरही सिद्धता तशीच हिरवी राहिली, तर तुमचे प्रमेय त्या नियमावर पहारा देत नाही असे समजायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण मी इतरांच्या व्याख्या वाचते तेव्हा माझ्या हाती सर्वांत जास्त चुका यानेच लागतात.

सायबर_चौक

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी जवळजवळ हेच करते आहे, म्हणून माझी अडचण याच धाग्यावर विचारते. रिकाम्या संदर्भातल्या (संदर्भ म्हणजे चलांच्या टाइपांची यादी), म्हणजे एकही मोकळा चल नसलेल्या पदावलीसाठी प्रोग्रेस सिद्ध करताना मी टाइपच्या गृहीतकावर इंडक्शन (एकेका नियमाचे प्रकरण घेऊन सिद्ध करण्याची रीत) लावले. चलाच्या प्रकरणात कॉकने माझ्यापुढे असे उद्दिष्ट ठेवले की कोणत्याही संदर्भातला कोणताही चल एक तर मूल्य आहे किंवा पाऊल टाकतो. हे तर उघड खोटे आहे. संदर्भ रिकामा आहे हे मी विधानात स्पष्ट लिहिले होते, ते गेले कुठे?

कागलचा_कंपायलर

@सायबर_चौक, ही अडचण प्रत्येकाला एकदा येतेच, त्यात तुमचे काही चुकलेले नाही. टाइपचा संबंध कोणत्याही संदर्भासाठी परिभाषित आहे आणि तुम्ही त्याची एक विशिष्ट जागा, ‘रिकामा’, धरून इंडक्शन लावता. कॉकचा साधा इंडक्शन डावपेच (सिद्धता पुढे नेण्यासाठी यंत्राला दिलेली आज्ञा) त्या जागी एक सामान्य चल बसवतो आणि ती जागा रिकामी होती ही माहिती मुकाट्याने सोडून देतो. उपाय असा की आधी ‘रिमेंबर’ वापरून रिकाम्या संदर्भाला एक नाव द्यायचे, त्या नावाचे समीकरण गृहीतकांत ठेवायचे आणि मग इंडक्शन लावायचे. चलाच्या प्रकरणात ते समीकरण हाती असेल आणि रिकाम्या संदर्भात चल सापडतो हा विरोधाभास दाखवून प्रकरण मिटेल. इंडक्शनची गृहीतके त्या समीकरणाच्या अटीसह येतील, तिथे फक्त ‘रिफ्लेक्सिव्हिटी’ पुरवावी लागेल.

लीन ४ हा दुसरा प्रूफ असिस्टंट या बाबतीत जरा कडक आहे. तिथे त्या जागी चल नसेल तर इंडक्शन चालतच नाही, सरळ त्रुटी दाखवली जाते. माहिती मुकाट्याने सोडण्यापेक्षा मला ते बरे वाटते.

जुना_लेथवाला

मी प्रोग्रामर नाही. शिवाजी उद्यमनगरात उमेदीची वर्षे गेली, आता मुलगा कारखाना बघतो आणि मी असले धागे वाचतो. ताईंनी जे सांगितले ते आमच्या धंद्याच्या भाषेत मला असे कळले.

ओतकामासाठी पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) करताना तो मूळ मापापेक्षा थोडा मोठा ठेवावा लागतो, कारण धातू थंड होताना आकसतो. बिडासाठी ही वाढ साधारण शेकडा १ धरतात आणि पोलादासाठी त्याच्या दुप्पट. एकदा आमच्याकडे बिडाच्या हिशेबाने केलेला पॅटर्न पोलादाच्या ऑर्डरला लावला गेला. पॅटर्नवरचे एकेक माप ड्रॉइंगशी जुळत होते, तपासणाऱ्याने त्यावर सहीही केली होती, आणि सगळी कास्टिंग लहान निघाली. तपासणाऱ्याला बोल लावता येईना, कारण त्याला पॅटर्न तपासायला सांगितला होता आणि तो त्याने बरोबर तपासला होता.

आता माझी शंका. चार माणसांच्या दुकानाने एवढा खटाटोप का करावा? दोन्ही इंटरप्रिटरना हजार आकडे घालून उत्तरे ताडून पाहिली असती तरी तो पैसा सापडला असता. गिऱ्हाईक सिद्धतेचे पैसे देत नाही, पट्टीचे देते.

पंचगंगाकाठी

काका, पॅटर्नचे उदाहरण मी वर्गात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते.

तुमची शंकाही रास्त आहे, आणि क्रम तुम्ही म्हणता तोच असावा: आधी चाचणी, मग सिद्धता. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० मध्ये क्विकचेक हे साधन आणल्यापासून असे आपोआप तयार केलेले नमुने घालून पाहणे अगदी स्वस्त झाले आहे आणि कॉकसाठीही त्या जातीचे साधन आहे. रॅकेट भाषेतल्या रेडेक्स या साधनाच्या कर्त्यांनी २००९ सालच्या आयसीएफपी या प्रोग्रामिंगवरच्या परिषदेतले नऊ शोधनिबंध घेऊन त्यांतल्या भाषांच्या व्याख्या चालवता येतील अशा स्वरूपात लिहिल्या आणि नऊच्या नऊ निबंधांत चुका सापडल्याचे नोंदवले. व्याख्या नुसती चालवून पाहिली तरी बरेच काही उघडे पडते.

पण दोन प्रोग्राम एकमेकांशी ताडून पाहिले तर ते कुठे वेगळे आहेत एवढेच कळते. दोघे एकाच रीतीने चुकत असतील तर ते सापडत नाही. त्यासाठी तिसरी, कोणाच्याही बाजूची नसलेली व्याख्या लागते आणि धागाकर्त्यांनी ती लिहायला घेतली आहे. त्यांची भाषा एका पानात मावते. हे काम कारखान्याच्या आकाराचे नाही, एका टेबलाचे आहे.

कागलचा_कंपायलर

तपासलेल्या आणि न तपासलेल्या भागांतला फरक किती स्पष्ट दिसू शकतो याचे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उदाहरण कॉम्पसर्टचे आहे. झाव्हिए लरवा आणि सहकाऱ्यांनी केलेला हा सी भाषेचा कंपायलर कॉकमध्ये सिद्ध केलेला आहे: मूळ प्रोग्रामला जो अर्थ आहे, तोच यंत्रभाषेत उतरलेल्या प्रोग्रामला राहतो. युटा विद्यापीठातल्या गटाने सीस्मिथ नावाचे साधन करून वाट्टेल तसे सी प्रोग्राम तयार केले आणि ते निरनिराळ्या कंपायलरांना घातले. २०११ च्या त्यांच्या निबंधात ३२५ हून अधिक चुका कळवल्याची नोंद आहे आणि तपासलेला प्रत्येक कंपायलर कुठे ना कुठे चुकला होता. कॉम्पसर्टमध्येही चुका निघाल्या, पण त्या सिद्धतेच्या कक्षेबाहेरच्या भागांत. इतर कंपायलरांच्या मधल्या टप्प्यांत सापडलेल्या जातीच्या चुका त्याच्या सिद्ध केलेल्या मधल्या टप्प्यांत सापडल्या नाहीत. काकांच्या भाषेत सांगायचे तर जिथे गेज लावला होता तिथला माल बरोबर निघाला आणि जिथे लावला नव्हता तिथे काय झाले तेही कळले.

मोठ्यांच्याही व्याख्या चुकतात. जावामध्ये जेनेरिक्स (टाइपच्या जागी चल ठेवण्याची सोय) २००४ मध्ये आले आणि त्या टाइपव्यवस्थेत ‘नल’च्या (रिकाम्या मूल्याच्या) आडून खिंडार पाडता येते हे अमीन आणि टेट यांनी २०१६ मध्ये दाखवले. मधली १२ वर्षे जगभरचे लोक तीच भाषा वापरत होते. उलट ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबअसेंब्ली या भाषेचा तपशील नवा असतानाच कॉनरॅड वॉट यांनी तो इझाबेल या प्रूफ असिस्टंटमध्ये उतरवला, त्यात मूळ मसुद्यातल्या चुका निघाल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. भाषा लोकांच्या हाती पक्की बसण्याआधी हे काम केले तर दुरुस्ती स्वस्तात होते.

@उद्यमनगरकर, तुमच्यासाठी आणखी दोन सूचना. पहिली, मोबाइलच्या जावा भागात पूर्णांक ३२ बिटांचे आहेत का ते पाहा. तसे असतील तर कमाल २१४७४८३६४७ पैसे, म्हणजे २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. एका पट्टीला ते भरपूर आहेत, दुकानाच्या बेरजेला कदाचित नाहीत. कॉकमधल्या पूर्णांकांना मर्यादा नाही, त्यामुळे तुमची व्याख्या ही गोष्ट तुम्हाला आपणहून सांगणार नाही. कॉम्पसर्टमध्ये मर्यादित बिटांचे पूर्णांक मुद्दाम वेगळे परिभाषित केले आहेत ते याचसाठी.

दुसरी, संबंध लिहिण्याऐवजी इंटरप्रिटर हे फंक्शनच लिहून पाहा. कॉकमध्ये प्रत्येक फंक्शन संपलेच पाहिजे, त्यामुळे ‘जोपर्यंत’ सरळ लिहिता येणार नाही. त्यासाठी इंधन म्हणून एक नैसर्गिक संख्या द्यायची आणि प्रत्येक फेरीला ती एकने कमी करायची. उत्तर तीनांपैकी एक असेल: मूल्य, इंधन संपले किंवा अडकले. मग प्रमेय असे मांडायचे की टाइप असलेला प्रोग्राम कितीही इंधन दिले तरी ‘अडकले’ असे उत्तर देत नाही. गाळलेली फांदी इथे लपत नाही, कारण सगळी प्रकरणे लिहिल्याशिवाय कॉक फंक्शन स्वीकारतच नाही. केकएमएल या सिद्ध केलेल्या कंपायलरच्या गटानेही याच वळणाची मांडणी वापरली आहे. आणि असे फंक्शन ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेत उतरवून चालवता येते, हा तुमच्या दृष्टीने मुख्य फायदा.

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आठवडाभर बसलो होतो, काय झाले ते क्रमाने सांगतो.

आधी स्मॉल-स्टेप मांडणी केली, तीही गाळलेल्या नियमासकट, कारण चूक सापडताना पाहायची होती. प्रोग्रेसच्या सिद्धतेत ‘जर’चे प्रकरण आले. अट हे मूल्य असेल तर ते खरे किंवा खोटे असणार, इथवर ठीक झाले. खरेची बाजू एका ओळीत मिटली. खोटेच्या बाजूला पडद्यावर रेषेखाली उद्दिष्ट उरले: अशी एखादी पदावली दाखवा, की ‘जर खोटे तर अ नाहीतर ब’ ही पाऊल टाकून तिच्यापाशी पोचते. मी ‘कन्स्ट्रक्टर’ दिला, ‘ऑटो’ दिला, हातातले सगळे डावपेच संपले, तरी ते उद्दिष्ट जागचे हलले नाही. नियम लिहिला आणि ते पुढच्या क्षणी मिटले. हे स्वतः पाहिल्यावर ताईंचे म्हणणे जसे उमगले तसे नुसते वाचून उमगले नसते.

नंतर इंधनाचा इंटरप्रिटर लिहिला. त्यासाठी एक लेमा (मदतीचे छोटे प्रमेय) लागला: काही इंधनात उत्तर आले असेल तर एक माप जास्त इंधन देऊनही तेच उत्तर येते. तो सिद्ध करण्यात दोन संध्याकाळी गेल्या, कारण ‘जोपर्यंत’च्या प्रकरणात इंडक्शन प्रोग्रामवर लावावे की इंधनावर यात माझा गोंधळ होत होता. इंधनावर लावल्यावर सुटले.

कागलकरांची शंका खरी निघाली. मोबाइलवर पूर्णांक ३२ बिटांचेच होते. पट्टीत कधी अडचण आली नव्हती, पण दुकानाची हंगामाची बेरीज त्याच भाषेतल्या नियमाने होते आणि ती मर्यादा ओलांडू शकली असती. आता ६४ बिटांचे केले आहेत.

तिसरी गोष्ट मात्र मला अजून खटकते. सरासरी काढायला ‘वजन भागिले रवे’ असा एक नियम आहे. प्रोग्रेस सिद्ध करताना शून्याने भागण्याचे प्रकरण मला अडवेल अशी अपेक्षा होती, पण ते विनातक्रार मिटले. हे कसे?

पंचगंगाकाठी

कारण तुमच्या भाषेचा भागाकार तुम्ही कॉकच्या भागाकाराने परिभाषित केला आहे. कॉकमध्ये प्रत्येक फंक्शनला प्रत्येक ठिकाणी उत्तर द्यावेच लागते, म्हणून तिथे शून्याने भागल्यास उत्तर शून्य येईल असा संकेत आहे. लीनमध्येही तसेच आहे. गणितात याने काही बिघडत नाही, कारण भागाकाराच्या उपयोगी प्रमेयांना ‘भाजक शून्य नाही’ ही अट लावलेली असते. पण तुम्ही ते फंक्शन उचलून आपल्या भाषेचा अर्थ म्हणून लावले आणि त्याच्याबरोबर तो संकेतही तुमच्या भाषेत शिरला. एकही रवा नसलेल्या नोंदीवर तुमची व्याख्या शून्य म्हणते, तर पायथन आणि जावा दोन्ही अपवाद टाकून थांबतात.

उणे संख्यांचेही पाहा. कॉकमधला पूर्णांकांचा नेहमीचा भागाकार खाली झुकणारा आहे, म्हणजे तो पायथनच्या बाजूचा. शून्याकडे झुकणारा हवा असेल तर ‘क्वॉट’ नावाचे वेगळे फंक्शन आहे. न ठरवता तुम्ही भांडणात एका पक्षाच्या बाजूने निकाल देऊन बसला आहात. यजमान भाषेतली क्रिया आपल्या भाषेत जशीच्या तशी वापरताना दर वेळी स्वतःला विचारायचे की हा अर्थ मी निवडला की मला आयता मिळाला.

शून्याने भागण्यासाठी ‘चूक’ हे चौथे उत्तर ठेवा. प्रमेय मग असे होईल की टाइप असलेला प्रोग्राम अडकत नाही, फार तर ठरवून दिलेली चूक कळवतो.

सायबर_चौक

‘रिमेंबर’ने माझे प्रकरण सुटले, आभारी आहे. एक छोटा प्रश्न: चलांसाठी तुम्ही नावेच ठेवली का? मला मार्गदर्शकांनी डी ब्रुइन क्रमांक वापरायला सांगितले आहे.

कागलचा_कंपायलर

धागाकर्त्यांच्या भाषेत फंक्शने नाहीत आणि चलांची मूल्ये एका तक्त्यात ठेवलेली आहेत, त्यामुळे एका पदावलीत दुसरी घालण्याचा प्रश्नच येत नाही आणि नावे पुरतात. तुमच्या भाषेत फंक्शने असतील तर पदावली घालताना बाहेरचे नाव आतल्या नावात अडकण्याचा धोका असतो. डी ब्रुइन यांनी १९७२ मध्ये त्यावर उपाय म्हणून नावांऐवजी क्रमांक सुचवले. क्रमांक सरकवण्याचे लेमा रुक्ष असतात, पण ते एकदाच सिद्ध करावे लागतात. २००५ मधले पॉपलमार्क आव्हान (भाषांबद्दलच्या सिद्धता यंत्राने तपासून दाखवण्याचे) बऱ्याच अंशी याच दुखण्याभोवती रचलेले होते, म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

भागाकार कोणत्या बाजूला झुकावा हे कॉक ठरवू शकत नाही हे उघड होते, म्हणून सोमवारी सौदे आटोपल्यावर यार्डात जाऊन दुकानाच्या दिवाणजींना विचारले. उणे ७०१ पैसे दोघांत कसे वाटता? त्यांनी क्षणभर माझ्याकडे असे पाहिले, जणू मी शाळेतला प्रश्न विचारला. म्हणाले, “पैसा फुटत नाही. खात्यावर पहिले नाव ज्याचे, त्याच्या अंगावर.”

म्हणजे एकाला उणे ३५१ आणि दुसऱ्याला उणे ३५०. पायथनप्रमाणे दोघांची बेरीज उणे ७०२ होत होती, जावाप्रमाणे उणे ७००. मूळ रकमेशी दोन्हींचा मेळ बसत नव्हता आणि कोण बरोबर यावर आम्ही महिनाभर वाद घातला होता. सर्व्हर आणि मोबाइल दोघांनी एकच भागाकार वापरला असता, तर तुलनेच्या चाचणीत दोघे जुळले असते आणि दोघेही चुकीचे असते.

मग भाषेत ‘वाटणी’ अशी स्वतंत्र क्रिया घातली. ती रक्कम आणि नावांची यादी घेते. यादीत निदान एक नाव असलेच पाहिजे हे वाक्यरचनेतच बसवल्यामुळे तिथे शून्याने भागण्याचा प्रश्न उरत नाही. प्रत्येकाला ‘क्वॉट’प्रमाणे समान हिस्सा आणि उरलेले सगळे पहिल्या नावाला, अशी व्याख्या केली. प्रमेय: सर्व हिश्शांची बेरीज मूळ रकमेइतकी असते, रक्कम उणे असली तरी. सिद्धता लहान आहे. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी हे तयार प्रमेय लावले आणि उरलेले ‘लिया’ या पूर्णांकांचे हिशेब आपोआप सोडवणाऱ्या डावपेचाने केले. सिद्धता कशावर टेकली आहे ते ‘प्रिंट अझम्प्शन्स’ने पाहिले, कोणतेही अर्धवट सोडलेले गृहीतक नाही. फंक्शन ओकॅमलमध्ये उतरवून मागच्या हंगामाच्या पट्ट्या त्यातून काढल्या. सामाईक खात्यांच्या मोजक्या पट्ट्यांत फरक निघाला आणि ते सगळे फरक दिवाणजींनी तपासून मान्य केले.

जुना_लेथवाला

ड्रॉइंग शेवटी दिवाणजींच्या डोक्यात होते तर.

सायबर_चौक

दादा, एक शंका. ७०१ पैसे तीन भावांत वाटले तर प्रत्येकी २३३ आणि उरले २. तुमच्या व्याख्येने पहिल्याला २३५ मिळतील आणि बाकीच्यांना २३३. दिवाणजीही असेच करतात का?

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

आज सकाळी फोन करून विचारले. ते तसे करत नाहीत. दोन पैसे उरले तर पहिल्या दोन नावांना एकेक पैसा, म्हणजे २३४, २३४ आणि २३३. दोन भावांच्या खात्यात एकाहून जास्त पैसा कधी उरूच शकत नाही, म्हणून मागच्या हंगामाच्या पट्ट्यांत हे दिसले नाही. तिघांचे सामाईक खाते त्या दुकानात नव्हतेच.

माझी जुनी व्याख्या चुकीची होती आणि बेरजेचे प्रमेय तिच्यासाठीही हिरवे होते, कारण २३५, २३३ आणि २३३ यांची बेरीजही ७०१ च होते. आता दुसरे प्रमेय जोडले आहे: कोणत्याही दोन हिश्शांत एका पैशाहून जास्त अंतर नसते, आणि जास्तीचा पैसा यादीत आधीच्या नावाकडेच जातो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे जुनी व्याख्या मुद्दाम परत बसवून फाइल चालवली. पहिले प्रमेय पार झाले आणि दुसऱ्याच्या सिद्धतेत ‘लिया’ अडकले: तीन नावे, बाकी २, पहिल्या दोन हिश्शांतले अंतर २.